कोतवालाची खाज

मुरुड, ता. २६ नोव्हेंबर

ऋतुजाच्या आजीस,

वाचणार ऋतुजा, म्हणून आधी तिला आशीर्वाद. बाळा, कॉलेजातून आल्यावर हातपाय धुऊन, चहा पिऊन मग वाच. तुझ्या आजीला अर्धवट वाचलेलं चालत नाही.

मी फोन का करत नाही म्हणून आपल्या लेकीनं, महामायेनं, शेजारच्या रेवणसिद्धाला विचारलं म्हणे. लेकीला सांग, फोनवर मला तिचं ऐकू येत नाही आणि माझं मात्र साऱ्या गल्लीला ऐकू जातं. मागच्या वेळी बोलून फोन ठेवला, तर पारावरची माणसं विचारायला आली, "काका, मावशी अजून रागातच हायत का?" म्हणून हे पत्र. अक्षर वाईट आहे, पण अक्षराचा आवाज होत नाही.

गावात मी सांगितलंय की महामायेची कंबर धरली म्हणून तू नांदेडला गेलीस. कोणी भेटलं तर तिला थोडं वाकून चालायला सांग.

तू गेलीस हे बरं केलं नाहीस. "या घरात एक तर हे कुत्रं राहील, न्हाई तर मी," असं म्हणून उंबऱ्याबाहेर पडलीस, तेव्हा मला वाटलं कोपऱ्यापर्यंत जाशील आणि येशील. तू बगलेत वाकळ मारून सरळ एसटीत बसलीस. या वयात लेकीच्या घरी किती दिवस राहायचं? जावईबापू बोलत नाहीत, पण त्यांना वाटतच असेल. मला तर रात्रंदिवस तेच वाटतं.

कोतवालाचं सांगतो. कुत्रं असलं तरी त्याला थंडी वाजते, म्हणून ते आत आलं. बाजेवर ते आपलं आपण चढलं. मी चढवलं नाही. (ऋतुजा, एकदा दोनदा मी उचलून घेतलं असेल, तेवढं वाचू नकोस.) आता तर त्याची दशा बघवत नाही. शेपटीच्या बुडापासून कमरेपर्यंत केस गेलेत, कातडी लालबुंद झालीय, खरवडून खरवडून पाणी सुटलंय. जागच्या जागी गोल फिरतं आणि आपलीच शेपटी दातानं कुरतडतं. कानामागं गोचीड, हरभऱ्याएवढे फुगलेले. मी रोज ओढून काढतो आणि चुलीत टाकतो, सकाळी तेवढेच पुन्हा. त्याचा नख घासायचा आवाज सुरू झाला की मलाही बसवत नाही. उठतो, दार बघतो, पाणी पितो, परत बसतो. माझ्या पोटऱ्यांवरही पुरळ आलंय, पण ते उन्हाचं असावं.

रेवणसिद्ध म्हणाला, "काका, ट्रॅक्टरचं जळकं ऑइल चोपडा. आमच्या दोन कुत्र्यांची खरूज अशीच गेली."

मी विचारलं, "ती कुत्री कुठं हायत?"

"ती मेली. पण खरूज गेली हुती."

येळवस महिन्यावर आली. शेतात कडब्याची कोप मी घालीन, पाच दगडांचे पांडव मांडीन, त्यांना चुना लावीन. पण पालेभाज्या-शेंगांची भज्जी कोण करणार? आंबील कोण लावणार? अमावस्येला सारा गाव शेतात जेवायला जातो, आणि आपल्या कोपीत मी एकटा काय खाऊ? कधी येतेस ते कळव.

शेषेराव

मुरुड, ता. ३ डिसेंबर

ऋतुजाच्या आजीस,

तुझा निरोप ऋतुजाच्या अक्षरात मिळाला. "कुत्रं गेलं का?" एवढंच. बाकी काही विचारावंसं वाटलं नाही? माझं जेवण, माझा दम, बैलाचा पाय? असो.

ऑइल लावून बघितलं. त्याचं काय झालं ते सांगतो. कोतवाल ते अंग घेऊन साऱ्या घरात हिंडलं. बाज काळी, भिंत काळी, माझं धोतर काळं, तुझी धान्याची कणगीसुद्धा बुडाला काळी. चाटून चाटून त्याला ओकाऱ्या झाल्या. सोड्यानं धुतलं तर जखमा चरचरल्या आणि ते केकाटत पळालं. दिवस मावळल्यावर परत आलं आणि दाराशी बसलं. आत ये म्हटलं तरी येईना. माझ्याकडं असं बघत होतं, की मीच तोंड फिरवलं.

ऋतुजानं पुढं लिहिलंय की तिकडंही सगळे खाजवताहेत. जावईबापूंच्या पायाला फोड, महामायेच्या कमरेला, ऋतुजाच्या घोट्याला. आणि तू म्हणतेस, हे सगळं आमच्या कुत्र्याचं. कोतवाल कधी नांदेडला आलं होतं का? विष्णुपुरीच्या तिसऱ्या मजल्यावर चढून चावलं का ते? उगीच मुक्या जनावरावर आळ घेऊ नकोस. डास असतील, धरण जवळ आहे तिथं.

मी आता पक्का उपाय करणार आहे. बैलाला गोचीड झाले तेव्हाचं औषध फडताळात अर्धी बाटली शिल्लक आहे. बैलाचे गोचीड एका दिवसात गळून पडले होते, तुलाही आठवत असेल. बैलाला चालतं तर कुत्र्याला का चालू नये? येळवसेपर्यंत कोतवालाचं अंग एकदम स्वच्छ करून दाखवतो, मग तुझं काय म्हणणं राहील? काही राहणार नाही.

दुधाचा चहा मला जमत नाही. उतू जातो.

शेषेराव

मुरुड, ता. ७ डिसेंबर

चि. ऋतुजास,

हे पत्र फक्त तुला. आजीला वाचून दाखवू नकोस, आईलाही नको. वाच आणि फाडून टाक.

माझ्या हातून कोतवाल मरता मरता राहिलं.

बाटलीवर लिहिलं होतं, मोठ्या बादलीभर पाण्यात एक झाकण. ते बैलाचं माप. मी विचार केला, कुत्रं लहान आहे तर पाणीही लहान घ्यावं. म्हणून तांब्याभर पाण्यात एक झाकण टाकलं. मला ते सरळ वाटलं गं. लहान जनावर, लहान भांडं. सगळ्या अंगाला चोळलं, जखमेतसुद्धा. वर त्यानं ते चाटलं.

घटकाभरानं तोंडातून दोरीसारखी लाळ लोंबायला लागली. मग पाय थरथर कापायला लागले. उभं राहायला जायचं आणि पडायचं. मी रेवणसिद्धाला हाक मारली, तर तो म्हणाला, "काका, औषध लागू पडलंय." मी त्याच्यावर असा ओरडलो की तो अजून बोलत नाही.

खाजामियाँची ऑटो नाक्यावर उभी होती. आपल्याला वर्षानुवर्षं बाजारला नेतो तोच. त्यानं कोतवालाला बघितलं आणि काही न विचारता शिटावर खताची पोती अंथरली. मी म्हटलं, "बाबा, लाळ गळतीय त्याची. तुला त्याच गाडीनं मशिदीला जायचं असतं."

तो म्हणाला, "चच्चा, गाडी धुता येती. तुम्ही पैले बसो. मुंडी धरो उसकी वर."

लातूरला जाईपर्यंत मी त्याचं डोकं मांडीवर धरून बसलो होतो. काय काय बोललो त्याच्याशी, आता आठवत नाही. खाजामियाँ पुढून म्हणत होता, "बोलते रहो चच्चा, ऐकताय वो."

जनावराच्या दवाखान्यात डॉक्टरीण होत्या, सबिहा म्हणून. तरुण आहेत. त्यांनी आधी साबणानं त्याला पुन्हा पुन्हा धुतलं, मग सुई दिली, सलाईन लावली. मग मला विचारलं, "किती औषध घातलं?" मी मापाचं सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं.

"बाबा, पाणी कमी केलं म्हणजे औषध कमी होत नाही. कडक होतं. तुम्ही बैलाच्या वरताण केलंत."

"लहान होतं म्हणून..."

"त्यानं तुमचं काय वाकडं केलं होतं?"

मी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागलो. मग त्याच म्हणाल्या, "रडू नका. जगेल. वेळेवर आणलंत."

संध्याकाळी ते उभं राहिलं. त्यांनी त्याच्या शेपटीजवळचे केस विंचरून ओल्या पांढऱ्या कागदावर झटकले. काळे काळे दाणे पडले आणि ते कागदावर लाल विरघळले. म्हणाल्या, ही पिसवांची घाण, यात रक्त असतं. केस गेलेत ते पिसवांनी, गोचीड वेगळे. मानेवर टाकायचे थेंब दिले, कुत्र्याच्या वजनाचे. आणि सांगितलं की कुत्र्याच्या अंगावर असतात त्या पिसवा थोड्या, बाकीच्या अंथरुणात, फटीत, गोणपाटात. तिथं त्यांची पिल्लं कोशात दडून महिनोन्‌महिने राहतात. सगळं अंथरूण उकळत्या पाण्यात टाका, उन्हात घाला.

तेव्हा मला वाकळ आठवली. आजीनं बगलेत मारून नेली ती. कोतवाल तिच्यावरच झोपायचं. म्हणजे मी आळ म्हटलं, तो आळ नव्हता. तुमच्या घोट्याला ते डास नाहीत, बाळा. आजीला कळू न देता ती वाकळ उकळत्या पाण्यात टाक. कारण काही सांग. चहा सांडला म्हण.

आजोबा

मुरुड, ता. १५ डिसेंबर

ऋतुजाच्या आजीस,

म्हणजे ऋतुजानं सगळं वाचून दाखवलं. फाडून टाक म्हटलं होतं. पोरगी तुझ्यावर गेली.

तिचं पत्र काल आलं. तू सांगितलंस तसंच तिनं लिहिलंय, एक शब्द बदलला नाही. मी ते इथं परत लिहितो, कारण खिशातला कागद घामानं फाटत चाललाय.

"कुत्र्याला कापरं भरलं तर लातूरला पळाले. माझी पाठ पावसाळ्यापासून जळून राहिली हाय. मी चौकटीला घासत हुते, तवा हा माणूस जागचा हलला न्हाई. समोर बसून कुत्र्याच्या अंगावरनं हात फिरवत हुते. मला कुत्र्याचा राग न्हाई म्हणाव. कुत्र्यानं काय केलंय माझं?"

हे वाचून मी शेतात गेलो. बांधावर बसलो, बसवेना. घरी आलो, कुलूप काढलं, परत लावलं, परत शेतात गेलो. वाटेत कोणीतरी राम राम घातला, कोण होतं ते बघितलं नाही.

मग तुला उत्तर द्यायचं म्हणून सगळं जुळवत होतो. की तू कधी सांगितलं नाहीस. चौकटीला पाठ घासणारं माणूस म्हणजे नुसती खाज असेल असं मला वाटलं. आपल्या भरल्या घरात जावा, सासू, दीर असायचे तेव्हापासून तू माझ्यापुढं कधी पदर बाजूला केला नाहीस, मग मला पाठ कशी दिसणार? तू तोंडानं बोलली असतीस तर मी काय बघितलं नसतं?

हे लिहिताना समोर कोतवाल बसलंय. ते तरी कुठं बोललं होतं?

पुढं काय लिहावं कळत नाही. पाठीला काय झालंय? कुठपर्यंत आहे? पाणी सुटतं का? रात्री झोप लागते का? ऋतुजा, आजीला विचारून नीट लिही, आणि खरं लिही. ती "काही न्हाई" म्हणेल. ते लिहू नकोस.

शेषेराव

मुरुड, ता. १९ डिसेंबर

सिंधु,

तुझं नाव मी कागदावर पहिल्यांदा लिहिलं. लग्नपत्रिकेत छापलं होतं ते सोडून. ऋतुजा हसत असेल, हसू दे.

"तळहाताएवढं हुतं, आता पाठभर हाय," असं तू सांगितलंस. एवढं असून लेकीला दाखवलं नाहीस. का? तिचं घर लहान, जावई, तिची सासू, म्हणून? मग कोणाला दाखवणार होतीस?

मी सोमवारी येतो आहे. नांदेडला सरकारी दवाखान्यात कातडीचे डॉक्टर आहेत असं खाजामियाँनं चौकशी करून सांगितलं. त्याची सासुरवाडी तिथली. ऋतुजा, सकाळी चिठ्ठी काढायची असते का ते बघून ठेव. बाई डॉक्टर मिळाली तर फार बरं.

घरातलं सगळं अंथरूण मी उकळून उन्हात घातलंय. फटीफटी झाडून गरम पाण्यानं धुतल्या. कोतवाल आता गोठ्यात धुतलेल्या पोत्यावर झोपतं. पहिल्या रात्री दार खरवडत होतं. मी उठलो नाही. उठलो होतो, पण दार उघडलं नाही. तू येते म्हणशील तर त्याला बिलोलीला तुझ्या भावाकडं पाठवतो. अमरनाथनं हो म्हटलंय. तू फक्त सांग. मी वाद घालणार नाही.

लेकीच्या घरी जेवायचं नाही, हे मी आजवर पाळलं. सोमवारी जेवीन. महामायेला म्हणाव, दाळ पातळ करू नकोस.

तिथं माझ्यावर चिडलीस तर चीड, पण जावयासमोर नको. जिन्यात चीड.

शेषेराव

मुरुड, ता. २ जानेवारी

चि. ऋतुजास अनेक आशीर्वाद.

तुझी परीक्षा होती म्हणून तू दवाखान्यात नव्हतीस आणि घरी आल्यावर आजीनं तुला नीट काही सांगितलं नाही. तिथं काय झालं ते सांग म्हणून तू लिहिलंस. सांगतो.

चिठ्ठीच्या खिडकीत पोरगी होती. म्हणाली, "पेशंट कोण लागतात तुमच्या?"

मी म्हटलं, "घरातल्या हायत."

"घरातल्या म्हणजे? बहीण का?"

मागं एवढी रांग. मला कमी ऐकू येतं, त्यात मी घाबरलेलो, म्हणून ओरडूनच म्हटलं, "बायको!" सारी रांग हसली. तुझी आजी भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. पण तिचे खांदे हलत होते, म्हणजे तीही हसतच होती.

डॉक्टर बाईच होत्या. मी बाहेर जायला निघालो, तर त्या म्हणाल्या, "बाबा, थांबा. तुम्हालाच बघायचंय हे." आणि पाठ उघडी केली.

ऋतुजा, तू मोठी आहेस म्हणून लिहितो. खांद्यापासून कमरेपर्यंत लाल कडांची चकंदळं, एकात एक मिसळलेली. मध्ये मध्ये खाजवून खपल्या धरलेल्या. कोतवालाच्या कमरेएवढी जागा बघून माझा जीव कासावीस झाला होता. आणि हे माझ्या घरात, माझ्या समोर होतं.

डॉक्टरीणबाईंनी आधी तिच्या पायावरचे फोड बघितले, मी वाकळीचं सांगितलं, तर म्हणाल्या, "हे पिसवांचं. वाकळ उकळलीत, आता हे जाईल." मग पाठ बघून म्हणाल्या, "हे मात्र वेगळं. हा नायटा आहे. कधीपासून?"

"खुरपणीला जात हुते. वलं लुगडं अंगावरच वाळायचं."

मी विचारलं, "मग ह्यात कुत्र्याचं काही?"

"कुत्र्याचं यात काही दिसत नाही. यात ओल्या कपड्याचं आहे आणि इतके दिवस दाखवलं नाही त्याचं आहे."

तुझी आजी म्हणाली, "मी कुठं म्हणले कुत्र्याचं हाय?" मी गप्प बसलो. तूही बस.

गोळ्या दिल्या आणि मलम दिलं. दिवसातून दोन वेळा, कडेच्या बाहेरपर्यंत लावायचं, आणि बरं झालंसं वाटलं तरी पुढं काही आठवडे बंद करायचं नाही. बाईंनी विचारलं, "मावशी, तुमचा हात पाठीला पुरणार नाही. घरी कोण लावील?"

"लेक लावंल."

मी म्हटलं, "मुरुडला मी हाय."

आजीनं चिठ्ठी कनवटीला खोचली. बाहेर आल्यावर पायरीवर बसून चप्पल घालताना म्हणाली, "तुम्हाला धोतराचा काष्टा सरळ घालता येत न्हाई, मलम कसलं लावता?" मग महामायेकडं जेवलो. पुढचं तुला माहीत आहे. येळवसेच्या आदल्या दिवशी आजी इथं एसटीतून उतरली, आणि उतरल्या उतरल्या मला म्हणाली, "अमरनाथाला सांगा, कुत्रं येत न्हाई. आणि कणगीला काळं कुणी फासलं?"

येळवस झाली. भज्जी चांगली झाली होती, आंबील थोडी आंबट. कोपीच्या मागं कोतवाल बसलं होतं. त्याच्या कमरेवर बारीक केस दिसायला लागलेत, मुगाच्या मोडासारखे. आजीनं लांबूनच बाजरीचा उंडा फेकला आणि म्हणाली, "घरात न्हाई घ्यायचं. कळलं का?" हे तिनं त्याला सांगितलं की मला, ते विचारलं नाही. रेवणसिद्ध आला, जेवला आणि आता बोलतो.

मलमाचं सांगायचं राहिलं. पहिल्या दिवशी दुपारी दाराला कडी घातली. ती भिंतीकडं तोंड करून बसली. मला अंधारात धड दिसेना म्हणून खिडकी उघडावी लागली, त्यावरून बोलणी खाल्ली. माझा हात खरखरीत, नांगराचा. तिला टोचत असणार, पण ती तसं म्हणाली नाही. "खाली. उजव्या अंगाला. अवो तुमच्या न्हाई, माझ्या उजव्या." असं करत करत सगळ्या कडा झाल्या. मध्ये माझ्या डोळ्याला पाणी आलं, ते मी मलम लागलेल्या बोटानं पुसलं आणि मग डोळा झोंबला म्हणून आणखी पाणी आलं. ती म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "मलम."

सगळं लावून झालं. तिनं पदर घेतला नाही. तशीच बसून राहिली.

मी म्हटलं, "झालं की. अजून कुठं खाजतंय का?"

"न्हाई खाजत," ती म्हणाली. "राहू द्या हात."

मी राहू दिला.

तुझे आजोबा,
शेषेराव